दुकानात फॉग सुटला, आता पुढे काय? (सराफ, कापड, मोबाईल दुकानदारांनी वाचावं)

सराफगल्ली | सोमवार, सकाळी ६:१०

मंडळी, रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही. लिहिण्यात मागेपुढे झालं तर समजून घ्या.

तालुक्याच्या गावी आमचं सराफी दुकान आहे. खाली दुकान, वर घर, मागे अरुंद बोळ. गेल्या दिवाळीत फॉग मशीन बसवलं, म्हणजे चोर शिरला की दुकान दाट पांढऱ्या धुक्याने भरून टाकणारं यंत्र. रात्री २ वाजून ३५ मिनिटांनी मोबाईलवर अलार्म आला आणि लगेच सायरन सुरू झाला. मी आणि धाकटा भाऊ खाली धावलो, तर शटरच्या फटींतून पांढरे लोट बाहेर येत होते. समोरच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, “आग लागनी, आग लागनी!” कोणीतरी बंबाला फोन केला. भावाला राहवेना. त्याने शटर उचललं आणि आत शिरला. चार पावलांत त्याला स्वतःचा हात दिसेना. काउंटरवर आदळला, काच फुटली, पोटरीला सात टाके पडले.

आत कोणी नव्हतं हे आमचं नशीब. बोळाकडच्या खिडकीचे गज वाकवलेत, खाली एक पहार पडली आहे. तिजोरीला हात लागलेला दिसत नाही. बंबवाले पाणी मारायच्या तयारीत होते, त्यांना हात जोडून थांबवलं. धूर जिन्यातून वर घरात गेला. आईला दमा आहे, ती तेव्हापासून खोकते आहे.

आता आम्ही चौघं ओट्यावर बसलोय. शटर अर्धं उघडं आहे, आत अजून पांढरंच आहे. गुरुवारी आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. ऑर्डरी तिजोरीत आहेत, पण चांदीची भांडी, पैंजण, जोडवी शोकेसमध्येच असतात. हा धूर विषारी आहे का? चांदी काळी पडेल का? पुसायला घेऊ की थांबू? दुकान कधी उघडता येईल? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपा करून लवकर सांगा.

---

तापीकाठ | सोमवार, सकाळी ६:२१

भाऊ, सविस्तर नंतर लिहितो, आधी एवढं करा.

कोणीही आत जाऊ नका, काहीही पुसू नका. पोलिसांना कळवलं नसेल तर आत्ता ११२ लावा. आईंना वरच्या घरातून खाली मोकळ्या हवेत आणा, शेजाऱ्यांकडे न्या. आणि तुमच्या अलार्मच्या पॅनलवर सिस्टम अजून ‘आर्म’, म्हणजे चालू, आहे का ते बसवणाऱ्याला फोन करून विचारा. सिस्टम चालू असताना माणूस सेन्सरसमोर गेला आणि डब्यात द्रव शिल्लक असेल, तर मशीन पुन्हा सुटतं. आत पंचनामा चालू असताना दुसऱ्यांदा फॉग सुटलेला मी पाहिलाय.

---

नाडीपरीक्षा | सोमवार, सकाळी ६:४०

मी डॉक्टर आहे, शहाद्याकडे प्रॅक्टिस करतो. आईंबद्दल आधी.

या धुरात ग्लायकॉल नावाचं रसायन आणि पाणी असतं. निरोगी माणसाला थोडा वेळ लागलं तर घसा कोरडा पडतो, डोळे चुरचुरतात, खोकला येतो आणि मोकळ्या हवेत आल्यावर ते ओसरतं. दम्याच्या माणसाची गोष्ट वेगळी. त्याच्या श्वासनळ्या कशानेही आखडतात, उदबत्तीनेसुद्धा. रंगमंचावर रोज असा धूर सोसणाऱ्या कलाकारांचा अभ्यास झालेला आहे आणि त्यांत श्वासाच्या, घशाच्या तक्रारी आढळल्या आहेत. म्हणून “विषारी नाही” असं ऐकून आईंना तिथेच बसवू नका.

त्यांचा नेहमीचा पंप डॉक्टरांनी सांगितलाय तसा द्या. बसवून ठेवा, आडवं करू नका. एक वाक्य एका दमात बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, मान-छातीचे स्नायू ओढले जात असतील तर १०८ ला फोन करा, वाट पाहू नका. डोळे साध्या स्वच्छ पाण्याने धुवा. घरात रात्री उघडा राहिलेला माठ, दूध, उघडं अन्न असेल ते टाकून द्या.

भावाच्या पोटरीला काच लागली आहे, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं का विचारा.

---

सराफगल्ली | सोमवार, सकाळी ६:५२

डॉक्टर, आईला मावशीकडे नेलं. पंप घेतल्यावर बरं आहे, बोलते आहे. भावाला इंजेक्शन रात्रीच दिलंय. तापीकाठ भाऊ, पॅनल बंद करायचा कोड बसवणाऱ्याला फोन करून मिळवला, सिस्टम आता बंद आहे. ११२ ला रात्रीच कळवलं होतं, गस्तीची गाडी येऊन गेली, ठाण्याचे साहेब आठ वाजता येतो म्हणाले.

---

वर्दीउतरवली | सोमवार, सकाळी ७:०५

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालोय. शेवटची वर्षं धुळे जिल्ह्यात गेली. तुमच्या भावाचं धाडस कळतं मला, पण त्याला सांगा की हा धूर मालकाने आत जावं म्हणून सोडलेला नसतो. चोराला काही दिसू नये, त्याने निघून जावं, एवढंच त्याचं काम. आत चोर असता तर? तोही आंधळा, तुमचा भाऊही आंधळा, आणि चोराच्या हातात पहार. घाबरलेला माणूस अंधारात काय करतो ते मी खूप वेळा पाहिलंय. घेरावसुद्धा घालू नका. बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा, लांबून बघा, गाडीचा नंबर टिपा, अंगावरचे कपडे लक्षात ठेवा.

आता पुराव्याचं. ती पहार, वाकवलेले गज, खिडकीची चौकट, बोळातली माती, यांतलं काहीही हलवू नका. पहार “पायात येते” म्हणून लोक उचलून कोपऱ्यात ठेवतात, तिथेच ठसे जातात. बोळाच्या दोन्ही तोंडांना दोरी बांधा, सकाळी दूधवाले, भांडीवाल्या मावश्या तिथूनच जातात. काउंटरच्या फुटलेल्या काचेवर तुमच्या भावाचं रक्त आहे, ते पंचनाम्यात आवर्जून सांगा, नाहीतर चोराचं समजून घोळ होईल. ओट्यावर बसलेल्या चौघांपैकी कोण कोण आत गेलं, कुठपर्यंत गेलं, कशाला हात लावला, हे कागदावर लिहून ठेवा. तपासणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ मध्ये घरफोडी येते. रात्री चोरीच्या उद्देशाने घरफोडी केली तर शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी येऊन पुरावा घ्यावा अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. म्हणून साहेबांना नम्रपणे विचारा, फिंगरप्रिंटची माणसं येणार आहेत का, तोपर्यंत दुकान असंच ठेवू का. “काही गेलं नाही, तक्रार कशाला” असं कोणी म्हटलं तरी एफआयआर नोंदवा. चोरीचा प्रयत्न हाही गुन्हाच आहे. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी, बंद करू नका, पण आजच फुटेज उतरवून घ्या. जुनं फुटेज पुसून नवं त्यावर चढतं. आतल्या कॅमेऱ्यात फॉग सुटल्यावर पांढरा पडदा दिसेल, त्याचा उपयोग नाही. त्याआधीची दहा-पंधरा मिनिटं आणि बाहेरचा कॅमेरा मोलाचा. आसपासच्या दुकानदारांनाही आजच सांगा. न्यायालयात फुटेज द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, ते तपास अधिकाऱ्यांकडून समजून घ्या.

---

केळीचाघड | सोमवार, सकाळी ७:३०

रावेरहून लिहितोय. आमच्या गावात एका दुकानात असाच धूर निघाला तेव्हा लोकांना वाटलं नगरपालिकेची डासांची धुरळणी आहे, आणि पोरं त्यात पळत सुटली. कोणी म्हणालं डिझेलचा धूर आहे, अंगाला पुरळ येईल. ते दोन्ही एकच असतं का?

---

तापीकाठ | सोमवार, सकाळी ८:४०

आता बसून लिहितो. भुसावळला १४ वर्षं सीसीटीव्ही, अलार्म आणि फॉगची कामं करतो.

केळीचाघड भाऊ, दोन्ही वेगळे. धुरळणीत डिझेल किंवा रॉकेलमध्ये कीटकनाशक मिसळून ते तापवून फवारतात. त्याला तेलाचा वास असतो, ते श्वासात घेऊ नये. लग्नात वधूवरांच्या पायाशी जो धूर लोळतो तो बहुतेक वेळा कोरड्या बर्फाचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा. सिक्युरिटी फॉग म्हणजे ग्लायकॉल आणि शुद्ध पाणी. मशीनच्या पोटात धातूचा ठोकळा असतो, तो विजेवर सतत दोनशे अंशांच्या आसपास तापलेला राहतो. ट्रिगर मिळाला की द्रव त्या ठोकळ्यातून जातं, वाफ होऊन तोंडातून जोराने बाहेर पडतं आणि थंड हवेत त्याचे अतिशय बारीक थेंब होतात. तेच धुकं. काही सेकंदांत खोली भरते. ते जळणाचा धूर नसल्याने काजळी धरत नाही. युरोपात या मशीनसाठी ईएन ५०१३१-८ असं मानक आहे, घेताना त्या मानकाचं प्रमाणपत्र आहे का ते विचारावं.

एक वेगळा प्रकारही आहे. तापवायचा ठोकळा नाही, छोट्या नळकांड्यात रसायन जळतं आणि धूर निघतो. त्यात कोरडी पावडर मागे राहते आणि ती ओल्या फडक्याने फासली जाते. म्हणून पुसायच्या आधी आपलं मशीन कोणत्या जातीचं आहे हे विचारायचं. सराफगल्ली भाऊ, तुमचं वर्णन ऐकून ग्लायकॉलचंच वाटतंय.

हवा घालवण्याबद्दल. पोलिसांनी हो म्हटल्यावरच. दरवाजे-खिडक्या न उघडता हे धुकं पाऊण-एक तास तसंच टिकतं, हवाबंद खोलीत त्याहूनही जास्त. समोरासमोरची दोन तोंडं उघडा, एकीकडून हवा आत, दुसरीकडून बाहेर. एक्झॉस्ट फॅन लावा. स्टँडचा पंखा दाराच्या तोंडाशी, बाहेरच्या दिशेने. एसी लावून बसू नका. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. उलट थंड जाळीवर ग्लायकॉल बसतं आणि फिल्टर चिकट होतो. आपल्याकडे कूलर घरोघरी आहे, तो खिडकीत लावा, पण पाण्याची मोटर बंद ठेवून नुसता पंखा चालवा. ग्लायकॉल ओल धरून ठेवतं, त्यावर आणखी दमट हवा सोडायची नाही. वरच्या घराकडचं जिन्याचं दार मात्र आधी बंद करा, नाहीतर सगळं वर जाईल.

मशीनच्या तोंडाला हात लावू नका, ते बराच वेळ चटका देईल इतकं तापलेलं असतं.

आता हे सगळ्यांनी लक्ष देऊन वाचा, कारण लोक इथेच फसतात. हवा घालवायची म्हणजे दुकान उघडं टाकायचं, आणि नेमकं त्याच वेळी तुमचं रक्षण करणारं मशीन रिकामं असतं. डबा संपलेला असतो, सिस्टम बंद असते, मालक दमलेला असतो, बघ्यांची गर्दी असते. काही मशीनमध्ये दोन-तीन वेळा पुरेल इतकं द्रव असतं, पण बऱ्याच छोट्या मशीनचा डबा एकाच वेळेचा. चोरांना पहिल्या रात्री जमलं नाही तर ते दुसऱ्या रात्री येतात, हे मी माझ्या गिऱ्हाइकाच्या दुकानात पाहिलंय. त्यामुळे डबा बदलून, चाचणी होऊन सिस्टम परत चालू होईपर्यंत आत माणूस हवा. आजची आणि उद्याची रात्र कोण झोपणार हे आताच ठरवा. जमलं तर तिजोरीतला माल बँकेच्या लॉकरमध्ये हलवा, पण चारचौघांच्या देखत नाही.

---

भरीतभाकरी | सोमवार, सकाळी ९:१५

ताईंचं मत चालेल ना इथे? धुळ्यात माझं साड्यांचं दुकान आहे. गेल्या वर्षी आमचा फॉग चुकून सुटला, चोर वगैरे कोणी नव्हतं.

आम्ही दुसऱ्या दिवशी घाईघाईने ओल्या कपड्याने सगळं पुसलं आणि काचांवर रंगीत, तेलकट चट्टे उठले. मग कळलं की आधी सगळी हवा जाऊ द्यायची, धुकं पूर्ण संपल्यावर पुसायचं. कोमट पाण्यात जरासा भांड्यांचा साबण, मऊ सुती फडकं घट्ट पिळून घ्यायचं, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं. फडकं वरचेवर धुवायचं, नाहीतर तेच तेलकटपण पसरत राहतं. बहुतेक साड्यांना काहीच झालं नाही, नुसता हलका गोडसर वास दोन दिवस राहिला. मशीनच्या तोंडासमोरच्या रॅकवरच्या सात साड्यांवर मात्र ओले ठिपके पडले. मशीन बसवताना मी त्याला म्हटलं होतं की इथे रॅक येणार आहे, तो म्हणाला काही होत नाही. तोंडासमोर काही फूट तरी मोकळी जागा हवी, धुक्याला हवेत पसरायला वाव मिळाला नाही तर ते समोरच्या वस्तूवर पाणी होऊन बसतं.

आणि चुकून का सुटला ते सांगते. छताचा पंखा चालू राहिला, त्याखाली लावलेला कागदी फलक हलत होता. एकच सेन्सर होता, त्याने माणूस समजलं. आता दोन वेगवेगळे सेन्सर एकापाठोपाठ बोलले तरच मशीन सुटतं अशी जोडणी करून घेतली आहे.

---

तापीकाठ | सोमवार, सकाळी ९:३२

ताईंनी दोन्ही गोष्टी अचूक सांगितल्या. दुसऱ्याला जोडून एक आपल्याकडचीच अडचण. हे सेन्सर माणसाच्या शरीराची उष्णता आणि खोलीची उष्णता यांतला फरक ओळखतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, बंद शटरच्या दुकानात रात्रीसुद्धा भट्टी असते. खोलीच अंगाइतकी तापली तर सेन्सरला माणूस नीट दिसत नाही. म्हणून आपल्या भागात नुसत्या उष्णतेच्या सेन्सरवर विसंबू नये, सोबत मायक्रोवेव्ह (लहरींनी हालचाल टिपणारा) असलेला दुहेरी सेन्सर घ्यावा, शटरला आणि खिडकीच्या गजाला कंपनाचा सेन्सर लावावा. सराफगल्ली भाऊ, तुमचं मशीन गज वाकवल्यावर सुटलं की माणूस आत आल्यावर? पॅनलच्या नोंदीत मिनिट-सेकंदासह लिहिलेलं असतं. ती नोंद पुसली जाण्याआधी फोटो काढून ठेवा.

---

बंबवाला | सोमवार, सकाळी १०:१०

मी नगरपालिकेच्या अग्निशमन दलात आहे, गाव सांगत नाही. रात्री पांढरे लोट पाहून आम्ही पाणी मारणारच. आम्हाला बाहेरून आग आणि फॉग यांतला फरक एका क्षणात कळत नाही आणि कळेपर्यंत थांबणं हाही धोका.

म्हणून दुकानदारांना माझी कळकळीची विनंती. मशीन बसवलं की जवळच्या अग्निशमन केंद्रात आणि पोलीस ठाण्यात एक साधा अर्ज देऊन ठेवा, दुकानाचा पत्ता, मालकाचे दोन नंबर, कुठे कोणतं मशीन. शटरवर मोठ्या मराठी अक्षरांत “या दुकानात सुरक्षा धुके यंत्रणा आहे” असा फलक लावा. शेजारच्या पाच घरांना सांगून ठेवा. फॉग सुटल्याचं कळताच तुम्हीच १०१ ला फोन करून “आग नाही, फॉग आहे, मी तिथे उभा आहे” असं सांगा. पण मनात जराही शंका असेल, शटर हाताला गरम लागत असेल, धूर काळपट असेल, जळल्याचा वास असेल, तर फॉग समजून बसू नका, आग समजूनच चाला. चोरांनी गॅस कटर चालवला आणि ठिणगीने पडदा पेटला तर धूर आणि फॉग एकत्रच येतील.

दुकानात धुराचे डिटेक्टर असतील तर फॉगनेही ते वाजतात. हवा स्वच्छ झाल्यावर ते रिसेट करून एकेक तपासून घ्या. त्यांच्या आत थर बसला तर पुढे ते विनाकारण वाजत राहतात, आणि मग लोक वैतागून ते बंदच करून टाकतात.

---

सराफगल्ली | सोमवार, दुपारी १:२५

सगळ्यांचे उपकार. साहेब आले, पंचनामा झाला, ठसे घेणारी माणसं जळगावहून येऊन गेली. पहार, गज, खिडकीची चौकट सगळं तपासलं. वर्दीउतरवली काकांनी सांगितल्याप्रमाणे कोण कुठे शिरलं त्याचा कागद दिला, साहेबांनी तो जोडून घेतला. एफआयआरची प्रत मिळाली.

पॅनलची नोंद पाहिली. २:३४:५० ला गजाचा सेन्सर, २:३५:०८ ला आतला सेन्सर, लगेच फॉग. म्हणजे माणूस खिडकीतून आत आला होता आणि धुकं भरताच उलट्या पावली गेला. हे वाचलं आणि माझे हात थरथरले. भाऊ आत शिरला त्याच्या जेमतेम काही मिनिटं आधी तो तिथे होता.

आता हवा घालवायला सुरुवात केली आहे. दारात दोन चुलतभाऊ बसवलेत. दागिन्यांचं कोणी सांगेल का?

---

पेढीवाला | सोमवार, दुपारी २:००

आमची तीन पिढ्यांची पेढी आहे, अमळनेरला. आमच्याकडे दोनदा फॉग सुटला आहे, एकदा खरोखर, एकदा चाचणीत.

सोन्याला काही होत नाही. चांदीही त्या धुक्याने काळी पडत नाही, पण त्यावर पातळ थर राहिला तर धूळ धरते आणि मग मळकी दिसते. कोरड्या मऊ मलमलीने एकदा पुसून घ्या, शोकेसमधली भांडी सुद्धा. रिठ्याच्या पाण्यात बुडवायची घाई करू नका, आधी तपास आणि विमा यांतून मोकळे व्हा. मोती, पोवळं, पाचू यांना साबण, स्पिरिट काही नको. जेमतेम ओलसर फडकं आणि लगेच कोरडं. मखमली ट्रे आणि डब्या सावलीत, वाऱ्यावर उघड्या ठेवा, उन्हात ठेवल्या तर रंग उडतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची ताटली काढून पुसा, त्यावर थर राहिला तर वजनात फरक दिसू शकतो आणि आपल्या धंद्यात तेवढाही चालत नाही. चालू करायच्या आधी बाटाने वजन तपासून पाहा. कॅरेटमीटर (सोन्याची शुद्धता मोजणारं यंत्र) असेल तर त्याच्या कंपनीच्या माणसाकडूनच आतून साफ करून घ्या.

आणि माल मोजा. पूर्ण. तिजोरी, शोकेस, दुरुस्तीला आलेला गिऱ्हाइकाचा माल, सगळं वहीशी ताडून. “काही गेलं नाही” असं मोजण्याआधी कोणाला तोंडी सुद्धा सांगू नका.

---

कागदपत्र | सोमवार, दुपारी ३:१५

पेढीवाल्या आप्पांच्या शेवटच्या वाक्याला धरूनच लिहितो. मी विमा सल्लागार आहे. सराफांची ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसी असते. तिच्यात चोरीच्या दाव्यासाठी बळजबरीने आत शिरल्याच्या खुणा महत्त्वाच्या असतात, त्यामुळे वाकलेले गज सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी नुकसान पाहणारा माणूस, येईपर्यंत बदलू नका. तात्पुरतं आतून लाकडी फळ्या ठोका आणि त्याआधी सर्व बाजूंनी फोटो काढा. कंपनीला आजच लेखी कळवा, ईमेल करा, फोनवर भागवू नका. काच, खिडकी, डबा बदलण्याचा खर्च, साफसफाईचा खर्च यांतलं काय मिळेल ते तुमच्या पॉलिसीच्या शब्दांवर आहे, पण प्रत्येकाचं पक्कं बिल घ्या. साफसफाई सर्व्हेअरला विचारून सुरू करा. काचेवरचा थर दिसेल असे फोटो आधी काढा. रिकाम्या डब्यावरचा क्रमांक आणि मुदत दिसेल असाही एक फोटो हवा, मशीन चालू स्थितीत होतं याचा तो पुरावा आहे.

पॉलिसीत सुरक्षा यंत्रणा “चालू ठेवीन” असं लिहून दिलेलं असेल तर मधल्या दिवसांत ती बंद आहे हेही त्याच ईमेलमध्ये कळवा. तापीकाठ भाऊंनी सांगितलेला रात्रीचा माणूस इथेही कामी येतो.

---

वैशाखवणवा | सोमवार, संध्याकाळी ७:४५

मला शंका आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात लाईट जाते. ठोकळा विजेवर तापतो म्हणता, मग लाईट नसेल तर हे मशीन शोभेचंच ना?

---

तापीकाठ | सोमवार, रात्री ८:२०

शोभेचं नाही. ठोकळ्याभोवती जाड आवरण असतं, लाईट गेल्यावरही तो बराच वेळ तापलेला राहतो, आणि द्रव सोडायला, सायरनला बॅटरी असते. किती वेळ टिकेल ते मशीनच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, तो आकडा आपल्या गावच्या लाईटशी ताडून पाहा. रात्रभर लाईट जाणाऱ्या ठिकाणी इन्व्हर्टरवर घ्या. शंका रास्त आहे तुमची. मी दर सहा महिन्यांनी बॅटरी तपासतो. आपल्या उष्णतेत बॅटऱ्या लवकर म्हाताऱ्या होतात. फॉग एकदा सुटल्यावर तर बॅटरी तपासल्याशिवाय सिस्टम चालू करूच नये, सायरन वाजून वाजून ती उतरलेली असते.

---

सराफगल्ली | बुधवार, रात्री १०:५०

सर्व्हेअर काल येऊन गेले. नवा डबा नाशिकहून बसने आला, आज दुपारी बदलला, बॅटरीही बदलली. दोन मशीनवाले भाऊ थांबून एकदा चाचणी घेऊन गेले, त्याआधी बंबाला आणि ठाण्याला फोन करून सांगितलं, समोरच्या काकूंनाही. मशीनचं तोंड जिन्याकडे होतं, म्हणूनच धूर वर गेला. ते आता तिजोरीकडे फिरवलं आणि जिन्याला खाली रबरी पट्टी असलेलं दार लावलं. बोळाच्या खिडकीला बाहेरून दुसरी जाळी उद्यानंतर येईल, तोवर फळ्या आहेत.

माल मोजला. वहीप्रमाणे सगळं आहे. चांदी मलमलीने पुसली, पेढीवाले आप्पा, तुम्ही सांगितलंत तशी. काट्याची ताटली पुसल्यावर वजनात खरोखर फरक पडला, बाटाने तपासून मगच लावला.

सोमवार आणि मंगळवारच्या रात्री चुलतभाऊ आत झोपले. आज मी झोपतोय. भाऊ लंगडतो आहे, पण उद्या गल्ल्यावर बसणार म्हणतो. आई मावशीकडून संध्याकाळी परत आली, झोक्याच्या दोऱ्या बांधायला सांगून गेली, पोरी उद्या येतील म्हणून.

---

भरीतभाकरी | बुधवार, रात्री ११:०५

भाऊ, आईंना नमस्कार सांगा. वरच्या घरातल्या पडद्यांना वास असेल तर उद्या उन्हात घाला, माझे एका दिवसात मोकळे झाले होते.

---

वर्दीउतरवली | बुधवार, रात्री ११:२०

आत झोपताय तर सिस्टमचा आतला सेन्सर बंद आणि गज-शटरचे चालू अशी जोडणी केली आहे ना? एकदा खात्री करून घ्या आणि मगच दिवा मालवा.

---

सराफगल्ली | बुधवार, रात्री ११:२६

केली आहे काका. तापीकाठ भाऊंनी फोनवरून करून घेतली. गजाचा लाल दिवा इथून दिसतोय.